पंधराशे रुपये, पाच भाचरं

१ डिसेंबर
पंधराशे रुपये वेगळ्या पाकिटात काढून ठेवले. नगरला भावाची तीन आणि बहिणीची दोन, अशी पाच भाचरं. सगळी तेरा ते अठराच्या मधली. भावाची नोकरी जुलैत सुटली. वहिनी म्हणाली, यंदा नाताळाला करंज्या आणि शंकरपाळे, बास. तरी गॅलरीत चांदणी लागणारच, आणि तिच्याखाली पाच पुडकी असायला हवीत.

२ डिसेंबर
गेल्या वर्षी वाद नको म्हणून पाचही जणांना सारखाच पेनांचा संच दिला. जूनमध्ये गेले तर दोन संच कपाटात तसेच पडलेले, वरचं प्लास्टिकही न काढलेले. मुलांची त्यात काही चूक नाही. सगळ्यांना सारखं देण्याच्या नादात मी एकाकडेही नीट पाहिलं नव्हतं.
म्हणून तेव्हापासून नगरहून परतताना एसटीतच डायरीच्या शेवटच्या पानावर लिहीत आले: कुणाचं काय मोडलंय, काय संपलंय, कुणाचं कशावाचून अडलंय. आज ते पान उघडलं. एकही गोष्ट तीनशेच्या वर जाईल असं दिसत नाही.

४ डिसेंबर
चौदा वर्षांची भाची एलिमेंटरी पास झाली, आता इंटरमिजिएटला बसायचं म्हणते. मी पोस्टर कलरची नवी पेटी घ्यायला निघाले होते. दुकानदारानं विचारलं, "आधीचे रंग आहेत ना तिच्याकडे? मग ताई, नुसता पांढरा न्या, मोठी बाटली. मुलांचा पांढराच आधी संपतो." खरंच, कुठलाही रंग फिका करायचा तर पांढराच लागतो. पांढऱ्याची बाटली आणि एक बारीक गोल ब्रश: २८० रुपये.

६ डिसेंबर
आज संत निकोलसाचा दिवस. चौथ्या शतकातला मायराचा बिशप. ते गाव आजच्या तुर्कस्तानात येतं. पुढे त्याचाच सांताक्लॉज झाला. त्याची दंतकथा लहानपणी संडेस्कूलमध्ये ऐकली होती: तीन बहिणी, बाप कंगाल, लग्नाला पैसा नाही. निकोलस रात्री खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकून निघून गेला. लहानपणी मला थैल्यांचंच अप्रूप होतं. आता वाटतं, खरं दान त्या रात्रीच्या अंधारात होतं. बापाला कुणापुढे मान खाली घालावी लागली नाही.
धाकट्या भाच्याला शाळेचे बूट हवे होते. ते ऑक्टोबरातच, बोनस झाला तेव्हा, वहिनीच्या हाती दिले. ते तिनंच घेतले, असं त्याला वाटू दे. बूट ही गरज आहे. आईबापांनी भागवायची गरज आपण चांदणीखाली सगळ्यांसमोर ठेवली, तर भावाला तिथे बसवणार नाही.

९ डिसेंबर
पंधरा वर्षांचा भाचा दहावीत. बोर्डाचं वर्ष, प्रश्नसंच दे, असं घरात दोघांनी सुचवलं. नाही देणार. प्रश्नसंच त्याला वर्षभर मिळतातच. हा मुलगा ऑगस्टपासून चर्चमध्ये पाच तारांवर गिटार वाजवतोय. सर्वांत बारीक तार तुटली, ती कुणाला सांगितली नाही.
तारा घेण्याआधी बहिणीकडून गिटारचा फोटो मागवला. नायलॉनच्या गिटारला स्टीलच्या तारा चढवल्या तर ताणानं दांडी वाकते, पूल उखडतो. त्याची स्टीलचीच निघाली. पूर्ण संच: २४० रुपये.

११ डिसेंबर
आईचं 'उपासना संगीत' बाइंडरकडून परत आलं. नवी शिवण, नवं कापडी पाठ, १८० रुपये. ना. वा. टिळकांच्या पदांशेजारी आईनं पेन्सिलीनं चालीचे स्वर लिहिले आहेत. बाइंडरला बजावलं होतं, कडा कापू नका. त्यानं कापल्या नाहीत. पुस्तक सोळा वर्षांच्या भाचीला. मंडळीत सध्या तीच सूर धरते.

१३ डिसेंबर
धाकट्याचा फुटबॉल जूनपासून खाटेखाली, हवा गेलेला. हातपंप आणि दोन सुया, १९० रुपये. सुई खुपसण्याआधी ओली करायची, नाहीतर आतला व्हॉल्व फाटतो, असं चिठ्ठीवर लिहून ठेवलं.

१५ डिसेंबर
थोरला अठरा वर्षांचा, हॉस्टेलवर. त्याला पाकीट: ३०१ रुपये. या वयात, कशाला उडवलेस असं कुणी न विचारणारे पैसे हीच मोठी भेट. वरचा रुपया मात्र हवाच. त्याच्याशिवाय पाकिटाला मोठ्यांचा आशीर्वाद लागत नाही.

१८ डिसेंबर
हिशेब: ११९१ गेले, ३०९ उरले. नगरचं रणगाडा संग्रहालय १९९४ पासून गावात आहे आणि पाचांतल्या एकानंही पाहिलेलं नाही. उरलेले पैसे तिथल्या तिकिटांना आणि नंतरच्या भेळेला. थोरल्याला फोन केला. म्हणाला, "आत्या, तू पण येणार ना? मग जाऊ."

२३ डिसेंबर
उद्या पुण्याच्या वाकडेवाडी स्टँडवरून नगरची सकाळची एसटी. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालंय, म्हणून तर वर्षभर खेपा परवडल्या, आणि डायरीचं ते पान भरलं.
रंगीत कागद आणला नाही. सरत्या वर्षाच्या कॅलेंडरची पानं काढली. ज्याचा वाढदिवस ज्या महिन्यात, त्याची भेट त्या पानात. पानांवर माझ्या दुधाच्या खुणा आहेत, असू देत. वाढदिवसाच्या तारखेला लाल गोल केला.
धाकटा डिसेंबरचा. त्याचं पान अजून भिंतीवर होतं, आठवडा शिल्लक असलेलं. तेही काढलं. उरलेले दिवस कुठे असायचं, ते ठरलेलंच आहे.