बोर्ड उडाला की बायोस?

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेतले शिक्षक. संगणकाशी आमची ओळख झाली ती प्रश्नपत्रिकांमुळे. नस्तालीकमध्ये प्रश्नपत्रिका काढायची तर इनपेजशिवाय आमचे पान हलत नसे. पुढे शाळेत सहा संगणकांची एक खोली झाली. घरातला एकुलता मोबाइल वडिलांच्या नाहीतर भावाच्या खिशात असतो. त्यामुळे आमच्या आठवी-नववीच्या बऱ्याच मुलींचे बोट कीबोर्डवर पडते ते याच खोलीत. तिथला एक संगणक बंद पडला, की चार-पाच मुलींचा तास बंद पडतो.

विंडोज १० चा नेहमीचा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. आमच्या संगणकांचे प्रोसेसर चालण्याजोगे होते, पण जुन्या बायोसमध्ये ती सोय दिसत नव्हती. दुरुस्तीला आलेल्या माणसाने एका संगणकाचे बायोस अद्ययावत करायला घेतले आणि नेमकी वीज गेली. यूपीएस त्याने जोडलेला नव्हता. वीज आल्यावर पंखा फिरला, दिवा लागला, पडदा मात्र काळाच. "बोर्ड उडाला, सर. नवा टाका, नाहीतर भंगारात द्या," असा निकाल देऊन तो निघून गेला. नव्या बोर्डाचे साडेचार हजार रुपये शाळेकडे नव्हते.

आता हे बायोस म्हणजे काय? बटण दाबल्याबरोबर प्रोसेसर जागा होतो, पण त्याला काहीच ठाऊक नसते. मेमरी कुठे, कीबोर्ड कुठे, विंडोज कोणत्या डिस्कवर, हे सारे त्याला मदरबोर्डावरची एक छोटी चिप सांगते. मुलाने अलिफ-बे गिरवल्याशिवाय पुस्तक उघडून उपयोग नाही, तसेच हे. चिपमधला मजकूर अर्धवट लिहिला गेला, तर बाकी सगळे धडधाकट असूनही यंत्र पुढे सरकत नाही. डिस्कवरच्या फायलींना मात्र धक्का लागत नाही. बायोस हे खरे तर इंग्रजी आद्याक्षरांचे नाव. पण ग्रीक भाषेत याच्याशी मिळत्याजुळत्या शब्दाचा अर्थ आहे हयात, जीवन. योगायोग म्हणायचा!

या चिमुकल्या मजकुराचा इतिहास मोठा आहे. आयबीएमचा पीसी १९८१ मध्ये आला. त्याचे बहुतेक भाग बाजारात मिळत, पण बायोस आयबीएमच्या मालकीचे होते. कॉम्पॅकने त्याची नक्कल न करता तेच काम करणारे बायोस स्वतंत्रपणे लिहून घेतले आणि १९८२ मध्ये आपला पीसी जाहीर केला. पुढे इतरांनीही तो मार्ग धरला आणि संगणक स्वस्त होत गेले. चिपचे दुखणेही जुनेच. २६ एप्रिल १९९९ रोजी 'चेर्नोबिल' नावाने ओळखल्या गेलेल्या विषाणूने अनेक संगणकांच्या चिपमधला मजकूर पुसला होता. आज बायोसची जागा यूईएफआयने घेतली आहे. लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले.

आमचा एक माजी विद्यार्थी लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. दहावी अर्धवट सोडून गेलेला. त्याने बोर्ड न्याहाळला आणि म्हणाला, "सर, बोर्डाला काही झालेलं नाही. चिप लिहावी लागेल."

त्याने वीजजोडणी काढली, बोर्डावरचा सेल काढला, बटण दाबून उरलासुरला विद्युतभार घालवला. मग आठ पायांची, क्रमांकात २५ असलेली चिप शोधली. तिच्यावरचा ठिपका पहिला पाय दाखवतो. चिमट्याची लाल तार तिकडेच यायला हवी. चिप ३.३ व्होल्टची की १.८ ची, हेही त्याने आधी पाहिले. मग प्रोग्रामरने आतला जुना मजकूर वाचून जपून ठेवला, कारण यंत्राचा अनुक्रमांक आणि नेटवर्कचा पत्ता कधी कधी त्यातच असतो. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीची, नेमक्या त्याच मॉडेलची आणि आवृत्तीची फाइल घेतली. चिप पुसली, लिहिली आणि लिहिलेले पुन्हा ताडून पाहिले. १६ एमबीचा मजकूर, काही मिनिटांचे काम. चिपच निकामी असती, तर गरम हवेने सोडवून दुसरी बसवावी लागली असती. तीही शे-दोनशे रुपयांची. जुन्या बोर्डांवर तर बत्तीस पायांची चिप खाचेत बसवलेली असे, ती डाग न देता निघायची.

पडदा उजळला. पैसे घ्यायला तो तयार होईना. उरलेल्या पाच संगणकांचे बायोस त्यानेच बदलले, यूपीएस लावून आणि आधी प्रत काढून. जाताना बजावून गेला, "सर, गरज असेल तरच बायोसला हात लावायचा. नवं आलंय म्हणून नाही."

मंडळी, आपल्या मोहल्ल्यातल्या शाळांत, मदरशांत, वाचनालयांत असे कितीतरी संगणक कापड घालून कोपऱ्यात ठेवलेले असतात. 'गेला' हा शब्द आपण फार लवकर उच्चारतो. यंत्राबाबतही आणि शाळा सोडलेल्या पोरांबाबतही. भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी एवढेच विचारा: बोर्ड उडाला की बायोस? आणि उत्तर देऊ शकणारा हुनरमंद कदाचित आपल्याच हजेरीपटावर, नाव कमी केलेल्या रकान्यात सापडेल.