कमरेचा कोयता, आकडी आणि रात्रीची दारं

थ्री फेज लाईट रात्रीची असली की दारं धरायला जाताना कोयता कुठं अडकवायचा, हा प्रश्न ऐकायला फालतू वाटतो. पण आपल्या जुन्नर-आंबेगावात रात्री पाण्यावर निघालेला गडी हात मोकळे ठेवून क्वचितच जातो. कुणी कोयता बगलेत धरतो, कुणी गोणपाटात गुंडाळून गाडीच्या हँडलला लटकवतो, बाकीचे सरळ पँटीत खोचतात. एक अख्खा कांद्याचा हंगाम मी वेगवेगळ्या जागा करून बघितल्या, त्याची ही नोंद.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. कमरेचा कोयता बिबट्याच्या हल्ल्यात फारसा कामाचा नाही. बिबट्या मागून येतो, सावज वाकलेलं किंवा बसलेलं बघतो आणि मान धरतो. तेवढ्यात कमरेला हात जाईपर्यंत खेळ झालेला असतो. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड परिसरात महिन्याच्या आत तीन जीव गेले, त्यात दोन लेकरं. गाव शिरूर तालुक्यातलं, पण जुन्नर वनविभागातलंच. त्यानंतर तिथल्या लोकांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातले, धनगराच्या कुत्र्याला असतात तसे. टीव्हीवर बघून शहरातली माणसं हसली असतील. मला त्यात अक्कल दिसली, कारण पट्टा म्यानातून काढावा लागत नाही, तो मानेवरच असतो.

मग कोयता न्यायचा कशाला? तर कामाला. पाटात अडकलेली फांदी, बांधावरचं गवत, खताच्या गोणीची सुतळी, पहाटे घरी येताना वैरण. आणि जिवाला जरा आधार, तेही खरंच. पण खरी राखण करते ती बॅटरी आणि काठी. एका हातात उजेड, दुसऱ्या हातात घुंगरं बांधलेली काठी, मोबाईलवर मोठ्यानं गाणी आणि शक्यतो जोडीला माणूस. त्यामुळं कोयत्याची जागा निवडताना माझी कसोटी एकच: दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत आणि वाकलं-बसलं तरी टोचता कामा नये.

पोटापुढं, बक्कलच्या उजव्या अंगाला खोचायची पद्धत तरुण पोरांत फार. उभं असताना झकास, हात पटकन मुठीवर जातो. पण दारं धरणारा माणूस उभा असतो किती वेळ? वाफा भरला की वाका, माती ओढा, दार बांधा, पुढचं फोडा. उकिडवं बसलं की मूठ बरगडीखाली रुतते आणि पात्याचं टोक जांघेत येतं. पिस्तूल पोटाशी लावणाऱ्यांचीही तक्रार हीच असते, बसलं की टोचतं. आपल्याकडं तर उघडी धार असते. जांघेतून मोठी रक्तवाहिनी जाते, ती कापली तर रानातून दवाखान्यात पोचेपर्यंत माणूस हाती लागणार नाही. ओल्या बांधावरून पाय घसरणं तर रोजचंच. म्हणून बिनम्यानाचा कोयता पोटापुढं अजिबात नको, असं माझं ठाम मत आहे.

उजव्या कुल्ह्यावर बरं पडतं, पण उसातून आणि द्राक्षाच्या तारांखालून जाताना अडकतं. चामड्याचं म्यान दिसायला रुबाबदार, मात्र ओलं झालं की आत पातं गंजतं.

सगळ्यात सुखाची निघाली ती आपल्या डोंगरातल्या माणसांची आकडी. भीमाशंकरच्या बाजूला हिरड्याच्या झाडावर चढणारे आदिवासी बांधव वापरतात, कोकणात तर घरोघर. लाकडाचा खाच पाडलेला तुकडा, दोरीनं कमरेला मागं बांधायचा, खाचेत पातं अडकवायचं, मूठ उजव्या हाताशी. झाडावर चढा, वाका, बसा, पोटाला काही लागत नाही. दोन तोटे आहेत. भिंतीला टेकून बसता येत नाही, आणि गाडीवर मागं माणूस असेल तर धार त्याच्याकडं होते. गाडीवर बसायच्या आधी कोयता काढून गुंडाळायचा, यात आळस नको.

सपाटीच्या रानासाठी मी आकडीत थोडा बदल केला. 63 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाईपचा तुकडा उकळत्या पाण्यात मऊ करायचा, दोन फळ्यांत दाबून चपटा करायचा. जाळावर धरू नका, धूर घशाला वाईट. तयार झालेलं म्यान साडेतीन इंचाच्या आसपास रुंद होतं. वाकड्या पात्याला एक कड उभी चिरून उघडी ठेवावी लागते. पण धार नेहमी बंद बाजूला आली पाहिजे. खाली पाणी निथळायला भोक. हे म्यान मागच्या बाजूला, उजव्या कुल्ह्याच्या जरा मागं, तिरकं बांधलं की आकडीचं सुख आणि धार झाकलेली.

एक सूचना. बाजारात, एसटीत कोयता कमरेला लावून जाऊ नका. शेतीचं अवजार म्हणून त्याला हत्याराच्या परवान्याची गरज पडत नाही, पण पुण्यातल्या कोयता गँगच्या बातम्यांनी पोलिसांच्या नजरेत त्याचा अर्थ बदललाय. शेतातून निघाला की तो गोणीत.

आता बायकांचं. यावर कुणी बोलत नाही, आणि गवत कापायला तासन् तास वाकून बसतात त्याच. सर्वात मोठा धोका त्यांना. साडीला पट्टा नसतो, विळा कमरेला खोचलेला, दात पोटाकडं. यावर सोपा उपाय आहे. 16 मिलिमीटरच्या जुन्या ड्रीप नळीचा तुकडा उभा चिरायचा आणि विळ्याच्या दातांवर चढवायचा. पट्ट्यासाठी भंगारवाल्याकडं गाडीचा जुना सीट बेल्ट मिळतो, साडीवर बांधला की काचत नाही, त्याला मागं विळ्याची कडी शिवून घ्यायची. आमच्या घरी असे तीन झालेत. चौथा आईनं मागितलाय, पण तिला त्यात विळ्याची कडी नको, बॅटरीचा खिसा पाहिजे.