कूटलेखक्रिया



दशलक्षण पर्वात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय ऐकतो. सातव्या दिवशी व्रतांचे अतिचार येतात. सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत एक आहे कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख, खोटा दस्त करणं. न्यासापहार म्हणजे विश्वासानं ठेवलेली ठेव बुडवणं. साकारमंत्रभेद म्हणजे कुणाचं गुपित फोडणं. अचौर्याच्या अतिचारांत खोटी मापंही आहेत.

माझी लेक सीएची आर्टिकलशिप करते आहे. पूर्वी ती तीन वर्षांची असे, २०२३ च्या नव्या योजनेत दोन वर्षांची झाली. इंटरला तिला 'ऑडिटिंग अँड एथिक्स' असा पेपरच होता. सचोटी, निःपक्षपातीपणा, दक्षता, गोपनीयता, व्यवसायाला शोभेल असं वर्तन ही तत्त्वं ती पाठ करायची, तेव्हा मला स्वाध्यायच चाललाय असं वाटायचं.

खरा पेपर मात्र गोडाऊनमध्ये आला. बँकेचं कर्ज ज्या मालावर होतं, तो मोजायला तिला पाठवलं होतं. खालच्या गाठी भिजून खराब झालेल्या. मालक म्हणाले, "चांगल्या मालातच धर." तिनं दिसलं तेच लिहिलं. संध्याकाळी मला फोन आला, "वहिनी, पोरीला जरा समजवा. आपलीच माणसं आहोत."

मी म्हटलं, "भाऊ, तिच्या कामात मी बोलणार नाही."

लेक त्या दिवशी सूर्यास्ताआधी दोन घासही नीट जेवली नाही. मालक तिच्या सरांचं जुनं गिऱ्हाईक. सरांनी तिची नोंद खोडली नाही, पण ते गिऱ्हाईक टिकेल की नाही, अजून ठरायचंय.

सत्यम कंपनीच्या ताळेबंदात हजारो कोटींची रोकड दिसत होती, ती मुळात नव्हतीच. त्या हिशोबांवर ऑडिटरांच्या सह्या होत्या. २००९ साली हे उघड झालं. पुढे २०१८ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या ऑडिटवर लक्ष ठेवायला सरकारनं एनएफआरए ही वेगळी संस्था नेमली. कायदा, परीक्षा, देखरेख सगळं हवंच. पण विशीतल्या मुलीला 'नाही' म्हणायचं बळ घरातून मिळावं लागतं. घरचेच 'आपली माणसं' म्हणून गळ घालू लागले, तर तिनं शिकलेलं कुठं टिकणार?

आणि हे फक्त सीए मुलांपुरतं नाही. घरच्या पेढीत भागीदार किंवा कंपनीत डायरेक्टर म्हणून आपल्यातल्या कितीतरी जणींची नावं आहेत. 'इथं सही कर' म्हटलं की पोळी तव्यावर ठेवून सही होते. त्या सहीची जबाबदारी कायद्यानं आपल्यावरही येऊ शकते. तेव्हा कागद वाचायला मागा. कळलं नाही तर विचारा, कुणी हसलं तरी. वर्षातून एकदा ताळेबंद घेऊन घरच्या सीएसमोर बसा. पाणी गाळून पिणाऱ्या घरात एवढी पारख अवघड नाही.

जय जिनेंद्र.