घसाऱ्यावरचं पाऊल

सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांनी उभा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक साचले. घट्ट, टणक थरांचे कडे झाले आणि त्यांच्यामधले सच्छिद्र, मऊ थर झिजून उतार नि पठारं तयार झाली. भूगोलाच्या तासाला हे शिकले होते, पण अंगात मुरलं ते चाळिशीत, डोंगरवाटांवर पळायला लागल्यावर. खडा चढ, मग गवताची सपाट पट्टी, पुन्हा चढ, पुन्हा पट्टी, ही आमच्या डोंगरांची लय आहे. ती ओळखीची झाली की दम कुठे राखून ठेवायचा आणि कुठे खर्च करायचा, हे घड्याळाकडे न बघता समजतं.

पळायला सुरुवात केली ती कोथरूडच्या रस्त्यांवर. रस्त्यावरचं पळणं तेव्हा आवडायचं, आजही आवडतं. पण तिथे सगळा हिशोब एका आकड्यापाशी येऊन थांबतो: किलोमीटरला किती मिनिटं. वेताळ टेकडीवर पळायला लागले आणि त्या आकड्याचा काही उपयोगच राहिला नाही. एक किलोमीटर सात मिनिटांत व्हायचा, पुढच्याला बारा लागायची, आणि दोन्हींमागचे कष्ट मात्र सारखेच. मला ते फार मोकळं वाटलं. डोंगरात अंतर हे अर्धंच मोजमाप असतं. आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग संघटना शर्यतीचं काठिण्य ठरवताना दर १०० मीटर चढाला एक जादा किलोमीटर धरते. सिंहगडाची आतकरवाडीची वाट पावणेतीन किलोमीटरच्या आसपास, पण चढ ६०० मीटरच्या घरात. म्हणजे वर पोचेपर्यंत जवळजवळ नऊ किलोमीटरचं काम झालेलं असतं, आणि मांड्यांना तो हिशोब कुणी समजावून सांगावा लागत नाही.

त्या वाटेवर मी चालायला शिकले. पळणाऱ्या माणसाने चालायला शिकणं ही नवख्याला कमीपणाची गोष्ट वाटते, पण लांबच्या पल्ल्यात खड्या चढावर चालणं हेच शहाणपणाचं असतं. आल्प्समध्ये माँ ब्लाँ पर्वताभोवती २००३ पासून जी प्रसिद्ध शर्यत होते, तिच्यात सुमारे १७० किलोमीटरमध्ये १० हजार मीटरच्या आसपास चढ आहे. तिथले आघाडीचे धावपटूसुद्धा उभ्या चढावर हातात काठ्या घेऊन चालतात. मला मात्र हे उमजलं ते गडावर दही-ताक विकायला जाणाऱ्या एका मावशींच्या मागून चढताना. डोक्यावर ओझं, पायात साध्या चपला, आणि पाऊल इतकं लहान की ही बाई पुढे सरकते आहे की नाही असं वाटावं. मी त्यांना मागे टाकायची, वळणावर धापा टाकत थांबायची आणि त्या शांतपणे पुढे निघून जायच्या. तिसऱ्या वेळेला त्या म्हणाल्या, “ताई, लई उड्या मारता तुमी. पाऊल बारीक टाका, अन् थांबू नका.” चढाबद्दल मला मिळालेला हा सर्वांत उपयोगी सल्ला. तेव्हापासून चढ आला की हात गुडघ्यांच्या वर टेकवते, पूर्ण तळवा जमिनीला लावते आणि बारीक पाऊल टाकत राहते.

उताराची गोष्ट निराळी. माझं मन जडलं ते उतारावर, त्यातही घसाऱ्यावर. कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी वाघजाईच्या देवळाकडून डोंगरधार पकडली की सिंहगडापर्यंत टेकड्यांची एक रांगच लागते. पुण्याचे भटके चांदण्या रात्री ती वाट तुडवतात. तिथल्या जवळजवळ प्रत्येक टेकडीचा उतार म्हणजे कडक जमिनीवर पसरलेला मुरूम. अशा जागी भीती वाटते, अंग मागे झुकतं, टाच आधी टेकते आणि टाचेखालचे खडे गोट्यांसारखे घरंगळतात. घसरण्याचं खरं कारण बहुतेक वेळा ते मागे झुकणंच असतं. शरीराचा भार पायाच्या बरोबर वर असला, गुडघे सैल असले आणि पावलं लहान नि भराभर पडत राहिली, तर एखादा दगड निसटला तरी बिघडत नाही, कारण तो पुरता निसटेपर्यंत पाय तिथून उचललेला असतो. दोन्ही हात बाजूला मोकळे सोडायचे. तोल सावरायचं काम ते आपणहून करतात.

आणि नजर. नजर पायाशी ठेवायची नाही, तीन-चार पावलं पुढे ठेवायची. डोळ्यांनी जागा हेरल्यावर सेकंदभराने पाऊल तिथे पडतं. तोवर डोळे पुढे गेलेले असतात, म्हणजे पाऊल आठवणीवर पडतं. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा काय होतंय ते मला नीट कळलंच नाही. एवढंच जाणवलं की डोक्यातले सगळे आवाज थांबलेत, घरचे, ऑफिसचे, रात्रभर घोळत राहिलेलं एखादं बोलणंसुद्धा. तिथे दुसऱ्या कशाला जागाच नव्हती. ध्यानाबद्दल मी वाचलं होतं, डोळे मिटून बसूनही पाहिलं होतं. माझ्या वाट्याला ते डोळे उघडे ठेवून, मुरमावरून खाली धावताना आलं.

उताराची किंमत दुसऱ्या दिवशी कळते, जिने उतरताना. चढावर मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतारावर तो ताणला जात असतानाच भार पेलतो आणि त्यात त्याच्या धाग्यांना बारीक इजा होते. स्नायूंचा चांगुलपणा असा की एकदा हे सोसलं की पुढचे काही आठवडे तेच काम त्यांना पुष्कळ कमी दुखवतं. म्हणून मोठ्या पल्ल्याच्या तयारीत मी उतार टाळत नाही, थोडाथोडा पण नियमाने पळते. अस्थिबंध आणि कंडरा मात्र सावकाश घडतात. नव्याने पळणाऱ्याचा दम काही महिन्यांत वाढतो, काही तास सहज पळता येईल असं वाटायला लागतं, आणि नेमक्या त्याच काळात घोटा किंवा टाचेमागची शीर बोलायला लागते. हृदय तयार असतं, सांधे अजून वाटेवर असतात. सांध्यांनी गाठेपर्यंत वाट बघणं ही या कलेतली सर्वांत अवघड गोष्ट आहे असं मला वाटतं, घसाऱ्याहूनही अवघड.

वाट बघायची म्हणजे हळू पळायचं. किती हळू? शेजारी पळणाऱ्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकं. अशा संथ वेगात शरीर चरबी जाळायला शिकतं, स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, पेशींतली मायटोकॉन्ड्रिया वाढतात. साखरेचा साठा, म्हणजे यकृतात आणि स्नायूंत मिळून जेमतेम चार-पाचशे ग्रॅम, जोरात पळलं तर दीड-दोन तासांत आटत येतो. डोंगरात सहा-आठ तास काढायचे तर त्या साठ्याला जपावं लागतं आणि वाटेत भर घालावी लागते. बाजारात मिळणारी गोड जेलं मी वापरून पाहिली. दोन तासांनंतर ती घशाखाली उतरेनात. आता माझ्या पिशवीत राजगिऱ्याचे लाडू, खजूर आणि मीठ-जिरं लावलेले उकडलेले बटाटे असतात, शिवाय एका बाटलीत मीठ घातलेलं कोकम सरबत. मीठ महत्त्वाचं. घामावाटे ते जात असताना नुसतं पाणीच पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकतं, आणि त्याची मळमळ, गुंगी अनेकांना पाणी कमी पडल्याचीच वाटते. पळताना खाण्याचाही सराव लागतो. पोटाकडचं रक्त पायांकडे वळलेलं असतं, त्यामुळे घास लहान, चावून चावून, चढावर चालत असतानाच.

मला सगळ्यात जास्त लळा लागला तो जमिनीच्या बदलत राहण्याचा. एकच वाट वर्षभरात चार निराळ्या वाटा होते. पावसात काळ्या कातळावर शेवाळ धरतं. त्यावर बुटाच्या तळाच्या खोल खाचासुद्धा निकामी ठरतात, म्हणून तिथे चालायचं, बाजूचा चिखल सापडला तर आनंदाने चिखलात पाय घालायचा. पाऊस ओसरता ओसरता सोनकी पिवळीधमक फुलते, तेरडा उतार गुलाबी करतो, पण गवत कमरेएवढं वाढून पायवाट गिळून टाकतं, आणि खालचे दगड दिसत नाहीत, नुसते लागतात. दिवाळीनंतर तेच गवत वाळतं आणि कुसळं मोज्यांत घुसतात. घरी आल्यावर एकेक कुसळ उपटण्यात संध्याकाळ जाते. या दिवसांत वाळला कातळ मात्र पायाला घट्ट धरून ठेवतो, पळायला याहून चांगला काळ नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये कुठे ना कुठे वणवा लागतो आणि काळ्या उतारावरून पळताना पोटऱ्या राखेने माखतात. वैशाखात जाळ्यांना करवंदं लागतात तेव्हा पहाटे चारला निघून ऊन तापायच्या आत खाली यावं लागतं. रस्त्यावर पळताना मला ऋतू हवेत जाणवायचे. इथे ते तळव्यांना कळतात.

कानांनाही काम असतं. मी इअरफोन लावत नाही, आणि डोंगरात कुणी लावू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. मागून सुटलेल्या दगडाचा आवाज, जाळीतली खसफस, धनगराच्या कुत्र्याचं पहिलं भुंकणं, हे सगळं वेळेवर ऐकू यायला हवं. कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. तिथून जाताना आरडाओरडा नको, धूर नको, भडक अत्तरसुद्धा नको.

रात्रीच्या पळण्यात मी एकटी जात नाही. कपाळावरच्या विजेरीच्या उजेडात दगडांच्या सावल्या नाहीशा होतात, उंच-सखल सगळं एकसारखं दिसतं. विजेरी हातात, कमरेपाशी धरली की सावल्या परत येतात, हे मला जोडीदारणीने दाखवलं. आम्ही दोघी आलटून पालटून पुढे असतो. पुढची वाट शोधते, मागची वेळ आणि खाणं सांभाळते. पेशवाईत जासुदांच्या जोड्या पत्रं घेऊन पायी मजला मारायच्या, हे आमच्या दोघींच्या आवडीचं बोलणं. एक अडला तर दुसऱ्याने पत्र पोचवायचं, हा साधा विचार त्यामागे असावा. कॅलिफोर्नियात १९७४ साली गॉर्डी एन्सली नावाचा माणूस घोड्यांच्या १०० मैलांच्या शर्यतीत घोड्याशिवाय उतरला आणि २४ तासांच्या आत पोचला. आजच्या डोंगरी शर्यतींच्या कथा बऱ्याचदा तिथून सुरू केल्या जातात, आणि त्या धाडसाबद्दल मला आदर आहे. पण काळोखात कात्रजच्या धारेवर असताना मला आठवतात ते जासूदच. त्यांच्या पायांखाली हेच दगड होते.

हे दगड, ही माती टिकायला हवी, याबद्दल मी आता गप्प बसत नाही. टेकडीवर प्रत्येक जण वळण चुकवून सरळ खाली उतरायला लागला की गवताची मुळं सुटतात, पहिल्याच वळवात तिथून पाणी धावतं आणि दोन पावसाळ्यांत त्याची घळ होते. पळणाऱ्यांचा वेग जास्त, म्हणून आपली जबाबदारीही जास्त. वाट वळते तिथे आपण वळायचं, चिखल असला तरी कडेने नवी वाट पाडायची नाही. वेताळ टेकडीतून रस्ता आणि बोगदे काढण्याचे प्रस्ताव वर्षानुवर्षं चर्चेत आहेत आणि पुणेकरांनी त्यांना रस्त्यावर उतरून विरोध केला आहे. त्या मोर्चात मी चालले. जुन्या खाणीच्या काठावर जिथे मोर दिसतात, जिथे मी पळायला शिकले, ती जागा शहराला मिळालेली देणगी आहे आणि ती जशी आहे तशीच पुढच्या पोरांच्या पायांखाली यावी असं मला मनापासून वाटतं.

डिसेंबरात सिंहगड, राजगड आणि तोरणा जोडणारी एसआरटी अल्ट्रा ही शर्यत असते, ११ किलोमीटरपासून १०० किलोमीटरपर्यंत. मी ५३ किलोमीटरचा पल्ला धरला आहे. तीन गड, तीन चढ, आणि प्रत्येक चढामागे गुडघ्यांची परीक्षा घेणारा उतार. राजगडाच्या संजीवनी माचीकडून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी डोंगरधार आधी अंगवळणी पडायला हवी. माचीवरून उतरताना मुरूम कुठे सुरू होतो आणि कातळ कुठे, पाणी किती लागतं, चढाच्या कुठल्या टप्प्यावर खायचं. दसऱ्याच्या सुमारास गवत ओलं असताना एकदा आणि दिवाळीनंतर ते वाळल्यावर एकदा, अशी ती धार दोनदा पळून बघायची ठरवली आहे. जोडीदारीण म्हणते, तिसऱ्यांदा रात्री जाऊ या. मला पटलंय, विजेरीचे जादा सेल तेवढे आणायचे आहेत.