दोन तासांच्या मधे

पहिलीच्या वर्गात शिकवणं सहसा बिघडत नाही. बिघडतं ते एक काम संपून दुसरं सुरू होईपर्यंतच्या वेळात. गोष्ट सांगून झाली, आता पाट्या काढा, असं म्हटल्यावर पुढची सात-आठ मिनिटं काय होतं ते कुणीही दारात उभं राहून पाहावं. एकाची पाटी दप्तराच्या तळाशी आणि तिच्यावर भाजीचं तेल. दुसऱ्याची पेन्सिल कालपासून बेपत्ता. तिसरी पाटी पुसायला पाणी आणते म्हणून उठते, तिच्या मागोमाग चौघं. तेवढ्यात कुणाला तरी शू लागते, आणि एकाला लागली की सगळ्यांना लागते. बाई ओरडतात. वर्ग गप्प होतो, पण पाट्या अजून निघालेल्या नसतातच.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. अधूनमधून प्रशिक्षणात सुलभक म्हणूनही पाठवतात. तिथं नव्यानं लागलेले शिक्षक हमखास विचारतात, “बाई, पोरं ऐकतच नाहीत, काय करायचं?” त्यांना मानसशास्त्रातलं काहीतरी भारदस्त हवं असतं. मी पेन्सिलीला टोक कोण करतं, चपला कुठं काढतात आणि पाणी प्यायची वेळ कोणती, असं विचारते. त्यांचा चेहरा पडतो.

जरा हिशेब करू. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिलंय, म्हणजे दिवसाला चार तास. परिपाठ, हजेरी, दोन सुट्ट्या, खिचडी आणि घरी जाणं असे दिवसाचे पाच-सहा सांधे धरले आणि त्यातल्या पाच ठिकाणी दहा-दहा मिनिटं सांडली, तर रोजची पन्नास मिनिटं गेली. वर्षाचे होतात एकशे सहासष्ट तास, म्हणजे शाळेचे चाळीसहून जास्त दिवस. एवढी रजा मागायला गेलं तर कुठलाही गटशिक्षणाधिकारी देणार नाही.

जेकब कूनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं या विषयावरचं पुस्तक १९७० सालचं आहे. मुलं दंगा करतात तेव्हा शिक्षकानं कसं रागवावं, म्हणजे कोणतं रागावणं लागू पडतं, हे त्याला शोधायचं होतं. पुढं त्यानं लहान मुलांच्या वर्गांचं चित्रण करून ते बारकाईनं तपासलं. निघालं भलतंच. शांतपणे चालणाऱ्या वर्गातले शिक्षक आणि सतत गोंधळ असणाऱ्या वर्गातले शिक्षक यांच्या रागावण्यात म्हणण्याजोगा फरक नव्हता. फरक होता तो दंगा होण्याच्या आधी. चांगल्या वर्गातल्या शिक्षकाची नजर एका मुलाशी बोलतानाही वर्गभर फिरत असे आणि एका कामातून दुसऱ्या कामात तो मुलांना अडखळू न देता नेत असे. हे वाचलं की शाळेच्या कपाटावर वर्षानुवर्षं पडून असलेल्या छडीबद्दल काही वेगळं बोलायची गरज उरत नाही. कायद्यानं ती बंद आहेच. ती उपयोगाची कधी नव्हतीच, हे मात्र आपल्या गावात अजून पालकांनाही पटत नाही. “मारा बाई, आमची काही हरकत नाही,” असं आई स्वतः येऊन सांगते.

आता पेन्सिल. ‘बाई, टोक गेलं’ हे पहिलीतलं सर्वांत जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य असावं. ते खरंही असतं आणि खोटंही. लिहायचा कंटाळा आला की टोक मोडता येतं, मग शार्पनर शोधायला वर्गभर फिरता येतं, फिरता फिरता मित्राला चिमटा काढता येतो. माझ्या वर्गात यावर दोन डबे आहेत, दोन्ही चहापत्तीचे. एकावर टोकदार पेन्सिलीचं चित्र, दुसऱ्यावर बोथट. टोक मोडलं की आपली पेन्सिल बोथट डब्यात टाकायची, टोकदार डब्यातली उचलायची आणि जागेवर बसायचं. बोलायचं नाही, विचारायचं नाही. बोथट पेन्सिलींना मधल्या सुट्टीत टोक होतं. यात एक अडचण येते. पेन्सिल कुणाच्या मालकीची? घरून आणलेली निळी, चमकीवाली पेन्सिल कुणी सामाईक डब्यात टाकत नाही, आणि का टाकावी? म्हणून वर्गाच्या पेन्सिली वेगळ्या, सगळ्या एकाच रंगाच्या, शाळेच्या पैशातून घेतलेल्या. घरची पेन्सिल दप्तरात राहते आणि घरीच मिरवते.

शू-शीचं असंच. करंगळी वर करून उभं राहिलेलं पोर आणि ‘आत्ताच गेला होतास ना?’ म्हणणारी बाई, हा तमाशा दिवसातून कितीदा व्हावा? लाजाळू मूल तर विचारतच नाही आणि बसल्या जागी भिजतं. माझ्या दाराशेजारी मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर दोन खिळे आहेत. एकावर मुलींची लाकडी पाटी, दुसऱ्यावर मुलांची. पाटी खिळ्यावर असेल तर गळ्यात घालायची आणि जायचं. नसेल तर कुणीतरी बाहेर आहे, थांबायचं. अगदीच घाई असेल तर न थांबता पळायचं, हाही नियम आहे आणि तो मुलांना पहिल्या दिवशीच सांगितलेला असतो. परवानगीचा अधिकार बाईंच्या हातून खिळ्याकडे गेला की अर्धं नाटक संपतं.

हजेरी हा माझ्या आवडीचा सांधा. हजेरीपट उघडून नावं पुकारायची आणि ‘हजर’ ऐकायचं, यात बाईंचं वाचन होतं, मुलांचं होत नाही. आमच्याकडं दाराजवळ दोन पुठ्ठे आहेत, एक ‘घरी’, एक ‘शाळेत’. आल्याबरोबर आपलं नाव ‘घरी’ वरून काढून ‘शाळेत’ वर लावायचं. जूनमध्ये नावाशेजारी फोटो असतो, श्रावणात मी फोटो काढून घेते. मग खरी मजा. हल्ली प्रत्येक वर्गात ‘आ’ने सुरू होणारी नावं ढिगानं असतात. आरोही आणि आराध्या या दोन पट्ट्या हातात घेऊन एक मुलगी बराच वेळ उभी होती. ‘आ’ सारखा. पुढचा ‘र’ पण सारखाच. मग तिनं ‘रो’च्या डोक्यावरच्या मात्रेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “ह्याला टोपी हाय.” काना, मात्रा, वेलांटी यांचा पाठ पुस्तकात पुढं येणार होता. तिला तो दारातच भेटला. कोण आलं नाही हेही मुलंच सांगतात आणि का आलं नाही तेसुद्धा, कधी कधी गरजेपेक्षा जास्त तपशिलात.

लक्ष वेधण्यासाठी मी टाळ वापरते. खराखुरा, भजनी मंडळातला जुना, कडा घासलेला. टाळ एकदाच वाजवायचा आणि त्याचा नाद पूर्ण विरेपर्यंत हातातलं काम थांबवायचं, एवढाच नियम. नाद नेमका कुठं संपतो ते ऐकायला मुलांना गप्प व्हावंच लागतं. युक्ती माझी नव्हे, तिची मुळं माँटेसरीबाईंच्या शांततेच्या खेळात आहेत. मात्र हा खेळ पहिल्याच दिवशी खेळायचा नसतो. गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’मधला मास्तर मोठ्या उमेदीनं चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेतो, शांततेच्या खेळानं सुरुवात करतो आणि पोरं त्याची पार फजिती करतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो, तेव्हा कुठं वर्ग त्याच्याकडं बघतो. नव्या शिक्षकांना मी शिफारस करते ती या पुस्तकाची, कारण त्यात प्रयोग फसल्याचं लपवलेलं नाही. भावनगरला गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढं १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, तिथं अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, आणि कोसबाडला तर गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरवायची, इथपर्यंत या दोघी गेल्या. मुलाचा दिवस कसा जातो ते आधी पाहायचं आणि वेळापत्रक त्याला जोडायचं. आमच्याकडं उलटं असतं. वेळापत्रक वरून येतं, पीडीएफमध्ये.

भिंतींबद्दल माझं मत थोडं अप्रिय आहे. गेल्या काही वर्षांत लोकवर्गणीतून शाळा रंगल्या, ‘बोलक्या भिंती’ झाल्या. खूप ठिकाणी त्या इतक्या बोलक्या झाल्यात की बाईंचं ऐकू येत नाही. छतापासून खालपर्यंत फळं, फुलं, प्राणी, राष्ट्रपुरुष, पाढे, समानार्थी शब्द. सतरंजीवर बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाची नजर जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर असते. सहा फुटांवरचा तक्ता हा तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी असतो. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली बालवर्गातल्या मुलांना सजवलेल्या आणि साध्या अशा दोन्ही प्रकारच्या खोलीत शिकवून पाहिलं. सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जास्त वेळा उडालं आणि शिकणंही कमी झालं. मी भिंतीचा खालचा तीन फुटांचा पट्टा काळा करून घेतला. तो मुलांचा फळा. वरची भिंत कोरी आहे. ‘मॅडम, वर्ग अगदीच रिकामा दिसतो,’ असा शेरा एकदा मिळालाय.

त्याच भिंतीवर एक दोरी आहे आणि दोरीला दिवसाची चित्रं टांगलेली: परिपाठ, गोष्ट, लेखन, खिचडी, गणित, खेळ, घर. एक चिमटा त्यांवरून पुढं सरकतो. ‘बाई, घरी कधी जायचं?’ असं रडवेल्या आवाजात विचारणाऱ्याला मी दोरी दाखवते. जूनमध्ये रोज विचारणारी मुलं काही आठवड्यांत स्वतःच चिमट्याकडं बघू लागतात. काही जण तो हळूच पुढं सरकवूनही पाहतात.

कामांच्या पाळ्या हा नाजूक विषय. वर्गात मॉनिटर नेमणं आणि बडबड करणाऱ्यांची नावं त्याला फळ्यावर लिहायला लावणं ही पद्धत मला मनापासून नापसंत आहे. त्यातून सहा वर्षांचा पोलीस तयार होतो आणि पोलीस आपल्या मित्रांची नावं लिहीत नाही. त्याऐवजी लहान लहान कामं: चपलांची रांग, पुस्तकांचा कोपरा, झाडांना पाणी, चिंचोके मोजून डब्यात ठेवणं. (चिंचोके दर महिन्याला कमी होतात. मुलं ते घरी भाजून खातात. मी बोलत नाही, नवे आणते.) पण पाळ्या कागदावर लिहून भिंतीवर लावल्या नाहीत, तर झाडू आपोआप मुलींच्या हातात जातो आणि घाण उचलण्याचं काम ठरावीक घरातल्या मुलांकडं. कुणी मुद्दाम करत नाही. म्हणूनच शिक्षकानं मुद्दाम लक्ष घालावं लागतं. पाणी वाढण्याच्या पाळीत प्रत्येक मुलाचं नाव आहे, आणि ते पाणी प्रत्येकजण पितो. यावर एकदा एक पालक मला भेटायला आले होते. पाळी तशीच राहिली.

कायद्यानं साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. तेव्हा वस्तीवरच्या शाळेत चार इयत्ता आणि दोन माणसं हेच खरं चित्र, एका इयत्तेला एक बाई हे पुस्तकातलं. माझ्या खोलीत पहिली पूर्वेच्या भिंतीकडं तोंड करून बसते, दुसरी पश्चिमेच्या. मी एकीकडं शिकवत असताना दुसरीकडं बाईंशिवाय चालणारं काम हवं, आणि ते कुठं ठेवलंय, कसं घ्यायचं, झाल्यावर कुठं परत ठेवायचं हे मुलांना बोलल्याशिवाय कळायला हवं. या घडीवर माझा दुसराही दिवस चालतो, मोबाइलवरचा. किती मुलं जेवली याची माहिती रोज भरायची असते, कधी रेंज नसते, कधी ॲप चालत नाही. त्या वेळात वर्ग आपला आपण चालला पाहिजे.

ही घडी बसवायला जूनचा उरलेला पंधरवडा आणि जुलैचा काही भाग जातो. शिक्षकांना वाटतं अभ्यासक्रम मागे पडतोय. पडू द्यावा. पाटी कशी घ्यायची, रांगेत हात कुठं ठेवायचे, साबण घालून टांगलेला मोजा नळाखाली किती वेळ चोळायचा, हे सगळं अक्षरांइतकंच सावकाश, करून दाखवून, पुन्हा पुन्हा शिकवावं लागतं. मूल ‘रांगेत उभे राहा’ हे वाक्य समजतं म्हणून त्याला रांगेत उभं राहता येतं असं नाही.

मग दिवाळीची सुट्टी लागते. ती संपली की मी जून पुन्हा एकदा घेते, तीन-चार दिवसांत, भराभर. पण तोवर वर्गच बदललेला असतो. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडं निघून गेलेल्या असतात. काही मुलं आजीआजोबांकडं किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची आईबापांबरोबर कोपीवर जातात. जाताना त्यांना शिक्षण हमी पत्रक दिलं जातं. ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता येतं. बसतात किती, हे टोळी कुठं उतरते आणि शाळा किती लांब, यावर ठरतं. पाळ्यांचा कागद नव्यानं लिहावा लागतो. ‘शाळेत-घरी’ पुठ्ठ्याशेजारी मी तिसरा पुठ्ठा लावते, ‘गावाला’. गेलेल्यांची नावं तिथं.

ही मुलं परत येतात मार्च-एप्रिलमध्ये, संकलित मूल्यमापन तोंडावर असताना. पहिल्या दिवशी मी त्यांना वाचायला लावत नाही. शेजारच्या पोरानं त्यांना वर्ग दाखवायचा: डबे इथं, खिळा इथं, चिमटा आता गणितावर आहे. पहिल्या तासाला ती अंग चोरून बसतात. खिचडीच्या रांगेपर्यंत भांडण सुरू होतं. रांगेत आपला नंबर आधी कितवा होता, हे त्यांना पक्कं आठवत असतं.