डीजे ठरवताना

कार्यालय, आचारी आणि पत्रिका एवढे ठरले की घरातली तरुण मुले पुढचा प्रश्न काढतात तो डीजेचा. आमच्या थोरल्या मुलाचा मंगल परिणय गेल्या फेब्रुवारीत सुनेच्या गावी झाला. पांढरी वस्त्रे, त्रिशरण, पंचशील. तासाभरात विधी पार पडला. स्वागत समारंभ मात्र दुसऱ्या दिवशी सायंकाळी फलटणला होता आणि तिथे डीजे हवाच, असा मुलाच्या मित्रांचा आग्रह. आम्ही उभयतांनी नाही म्हटले नाही. आमच्या लग्नात टेप लावून वऱ्हाड नाचले होते, मग मुलांना कोणत्या तोंडाने अडवायचे?

प्रश्न होता दादांचा. दादा म्हणजे मुलाचे आजोबा, वय ८१. तरुणपणी ते गायन पार्टीत पेटी वाजवीत आणि गातही. १४ एप्रिल जवळ आला की तरडगाव, गुणवरे, विडणी, जिथून बोलावणे येईल तिथे ही मंडळी सायकलला पेटी-ढोलकी बांधून निघत. दादांचे म्हणणे एवढेच, "नाचा की बाबांनो. पण गाण्यातला शब्द कानावर आला पाहिजे."

हा काही म्हातारपणाचा हट्ट नव्हे. वामनदादा कर्डकांना (१९२२–२००४) लहानपणी शाळा मिळाली नाही. मोठेपणी मुंबईत ते अक्षरे शिकले आणि पुढे हजारो गीते लिहिली. प्रल्हाद शिंदेही त्याच २००४ साली गेले. ज्या घरात वर्तमानपत्र येत नव्हते, आले तरी वाचणारे कोणी नव्हते, त्या घरात बाबासाहेब अशा गाण्यांतूनच पोहोचले. मे २०१५ मध्ये शिर्डीत मोबाईलवर वाजलेल्या भीमगीतावरून एका तरुण विद्यार्थ्याचा खून झाला. ज्या गाण्यापायी आपल्या पोराचा जीव गेला, ते आपल्याच मांडवात नुसती धडधड होऊन वाजावे, हे आम्हालाही पटेना. रिमिक्समध्ये बहुतेक वेळा तसेच होते. मुखडा दोनदा येतो, मग पाच मिनिटे ठेका. बेस चढवला की गाणाऱ्याचा आवाज त्याखाली दबतो आणि शब्द कळेनासे होतात.

पहिला डीजेवाला भेटला तो बेस किती आणि टॉप किती एवढेच सांगत राहिला. त्याच्या मोठ्या गाडीचा आकडा आमच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढा. दुसरा स्वस्त होता. बंद किती वाजता करणार, असे विचारल्यावर हसून म्हणाला, "पोलीस आले की करू." त्याला चहा पाजून निरोप दिला.

तिसरा तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा. त्याने उलट आम्हालाच विचारायला सुरुवात केली. "काका, माणसं किती येणार? हॉल बंद हाय का उघडा? जेवणाची पंगत कुठं बसणार? म्हातारी माणसं किती?" आम्हाला तिथेच तो पसंत पडला. पेटी-ढोलकीला माईक लावता येतील का, असे विचारले, तर खरे सांगून मोकळा झाला की तसे काम एकदाच केले आहे, पण आदल्या दिवशी येऊन बघून जाईन. आणि आला.

वेळेबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण यावरून ऐन समारंभात वाद होतात. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. बंद सभागृहात आतल्या आत वाजवायचे असेल तर गोष्ट वेगळी; आमचे कार्यालय पत्र्याचे आणि तीन बाजूंनी उघडे. सणा-उत्सवांना वर्षातून १५ दिवसांपर्यंत रात्री १२ ची सवलत सरकार देऊ शकते, पण ती सार्वजनिक उत्सवांसाठी. जयंतीला मिळाली म्हणून लग्नाला मिळेल, या भरवशावर राहू नये. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. नियम बाजूला ठेवला तरी कान आहेतच. ८५ डेसिबलचा आवाज दिवसात ८ तास चालेल असे धरतात आणि पुढे दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते. १०० ला उरतात १५ मिनिटे. लहान मुले तर नेमकी स्पीकरला चिकटून नाचतात.

इसार देताना आम्ही एका कागदावर सगळे लिहून घेतले. किती वाजता येणार, जनरेटर कोणाचा, डिझेल कोणाचे, गाणी कोणती. दारूवरचे गाणे एकही नको. साडेसात ते नऊ बेस कमी, शब्दांची गाणी. नऊ ते पावणेदहा मुलांचा नाच. दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या. कागद पाहून मुलाचे मित्र हसले, पण "फक्त पाऊण तास?" असा वाद कोणी घातला नाही, कारण ते आधीच ठरले होते.

त्या सायंकाळी पोराने टॉप डोक्याच्या वर बांधले आणि पंगतीकडे पाठ करून ठेवले. म्हाताऱ्यांच्या खुर्च्या त्यानेच मागे सरकवल्या. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, हे त्याला पाठ होते. माईक स्पीकरच्या समोर आला की शिट्टी मारतो, म्हणून दादांची बैठक स्पीकरच्या मागे घातली.

आठच्या सुमारास दादा बसले. ढोलकीला त्यांच्या जुन्या साथीदाराचा नातू. पोराने बेस पार उतरवला. दादांचा आवाज आता फाटतो, वरच्या पट्टीला तर नुसता श्वास येतो. तरी चारही कडवी ऐकू आली. मागच्या रांगेतल्या बाया हळूहळू पुढे येऊन उभ्या राहिल्या आणि दादा जिथे अडखळले तिथे ओळ त्यांनी उचलली. आचाऱ्याची माणसेही वाढायची थांबली, त्यामुळे पंगत जरा रेंगाळली.

नंतर नाचही झाला, दणक्यात झाला. सूनबाईही नाचल्या. पावणेदहाला शेवटचे गाणे संपले, कोणाला सांगावे लागले नाही.

डीजेची पोरे सगळ्यात शेवटी जेवायला बसतात आणि तोवर भात संपलेला असतो, म्हणून त्यांची चार ताटे आम्ही आधीच झाकून ठेवायला सांगितली होती. उरलेले पैसे द्यायला गेलो तेव्हा तो केबल गुंडाळत होता. म्हणाला, "काका, हे गाणं मी चार वर्षं वाजवतोय. त्याला दुसरं कडवं हाय, हे आज कळलं." मग दादांच्या शेजारी जाऊन बसला आणि मोबाईल काढून शब्द उतरवून घेऊ लागला. तिसऱ्या कडव्यातला एक शब्द दादांनी त्याला दोनदा खोडायला लावला.