सेतूच्या वाटेवरील चुली

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो हिच्या पश्चिमेस सुमारें नऊ मैलांवर फोर्थ नदीची खाडी लागते. तेथें तीन शतकांचे तीन पूल शेजारीं शेजारीं उभे आहेत: 1890 सालचा आगगाडीचा तांबडा पूल, 1964 सालचा झुलता पूल, आणि 2017 सालीं खुला झालेला क्वीन्सफेरी क्रॉसिंग हा महामार्गाचा पूल. प्रवासी या तिघांचीं छायाचित्रें घेऊन परततात, आम्हींहि घेतलीं. परंतु वाचकांस सांगण्याजोगी गोष्ट या तिन्ही पुलांहून फार जुनी असून ती डोळ्यांस मुळींच दिसत नाहीं.

अलीकडच्या तीरावरील गांवाचें नांव साउथ क्वीन्सफेरी. अकराव्या शतकांत राणी मार्गारेट हिनें सेंट अँड्र्यूजच्या यात्रेकरूंसाठीं येथें नावांची सोय केली, म्हणून हें नांव पडलें असें सांगतात. पुढें झुलत्या पुलाच्या दोरांतील तारा गंजूं लागल्याचें आढळलें व नव्या पुलाचें काम निघालें. तिकडे असें मोठें काम काढण्यापूर्वीं त्या जागेची पुराणवस्तुसंशोधकांकडून तपासणी करून घेतात. त्याप्रमाणें एकलाइन नांवाच्या शेतांतील वरची माती काढण्यांत आली. तेथें ना भिंत, ना दगडी पाया. जमिनींत एक लांबट गोल खड्डा मात्र होता, सुमारें सात मीटर लांबीचा, आणि खांब रोंवल्याच्या खुणा. खांब केव्हांच कुजून गेले होते; परंतु खणून पुन्हां भरलेल्या मातीचा रंग भोंवतालच्या मातीशीं कधींच पुरता मिसळत नाहीं. जाणत्या डोळ्यास एवढी खूण पुरते!

खड्ड्यांत चकमकीच्या दगडाचीं हत्यारें व तुकडे मिळून हजारावर वस्तू सांपडल्या, हेझल नांवाच्या रानफळांचीं जळकीं कवचें पुष्कळ मिळालीं, आणि आंत एक सोडून अनेक चुली निघाल्या. एका घरांत अनेक चुली म्हटल्या कीं आपल्याकडे भाऊ वेगळे निघाले असें समजावयाचें. येथें तसें दिसत नाहीं. हें बिऱ्हाड बहुधा हिवाळ्यापुरतें असावें असा संशोधकांचा कयास आहे. तेथील थंडी आम्हीं अनुभवली असल्यानें त्या चुलींचें आम्हांस नवल वाटलें नाहीं.

घराचें वय ठरविण्यास अशीं कवचें फार उपयोगी. लांकडाचा कोळसा कधीं कधीं फसवितो, कारण झाडाचा गाभा शेंदोनशें वर्षांचा असूं शकतो. कवच एकाच हंगामाचें. हें घर दहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वींचें ठरलें. 2012 सालीं ही वार्ता प्रसिद्ध झाली, तेव्हां स्कॉटलंडमध्यें याहून जुनें घर ठाऊक नव्हतें.

आणि असें घर राखलें कां नाहीं? हा प्रश्न आमच्याहि मनांत आला. मातीचा प्रत्येक थर मोजून, रेखाटून, चाळून उचलल्यावर मागें उरतो तो रिकामा खड्डा. उत्खनन हेंच त्या घराचें शेवटचें मोडणें. उलटपक्षीं, रस्ता निघालाच नसता तर त्या शेतांत कुदळ घालण्याचें कारणहि कोणास पडलें नसतें. आमच्या मतें सौदा वाईट झाला नाहीं, पण तो सौदाच होता. हत्यारें व कवचें तपासणीसाठीं गेलीं, आणि शेतांतून पुलाकडे रस्ता गेला. आमची मोटार त्यावरून गेली तेव्हां शेजारचे गृहस्थ पुलाचे उंच मनोरे दाखवीत होते.